कलालूची उरलेली वाटी

फणसवाडी, गिरगाव
गुरुवार, ता. १२ जानेवारी १९५६

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझी तीन पत्रं आली आणि माझ्याकडून एक ओळ नाही. रागावली असशील, आणि ते योग्यच आहे. माफी मागते. कारण लगेच सांगता येत नाही. लिहिता लिहिता जमलं तर बघू.

आम्ही ठीक आहोत. राधाला नववं लागलं. हे कचेरीत गेलेत. दुपारचे दोन वाजलेत, दाराला कडी आहे. मघापासून दोनदा उठून ती पाहून आले. या वेळी कोणी येत नाही हे ठाऊक असूनही.

तुझं पुस्तक गणपतीत मिळालं. तुमच्या पोर्ट ऑफ स्पेनच्या बायकांच्या मंडळानं काढलेलं, आणि समासात तुझ्या पेन्सिलीतल्या सूचना: ‘हे म्हणजे आपले तुरीचे ओले दाणे’, ‘इथं घुसळायला काठी घेतात, आपली रवी चालेल’. ते वाचताना तू ओट्याशी उभी आहेस असं वाटायचं. मी रोज एक पान वाचत असे, पोथीसारखं. पहिल्यांदा पेलाव केला. तेलात साखर काळी होईपर्यंत जाळायची हे वाचून मी तीनदा पान उलटून पाहिलं. घरभर धूर झाला तेव्हा हे म्हणाले, “आज होळी आहे का गं?” आणि मग मटण, तांदूळ, ओले तूरदाणे, नारळाचं दूध पडल्यावर स्वतःच तिसऱ्यांदा मागून घेतलं. नारळाचा पावही जमला. भट्टी नाही म्हणून भानोल्यासारखे खाली-वर निखारे ठेवले. काळ्या केकचं मात्र विसर. मनुका महिनाभर रममध्ये भिजवायच्या म्हणतेस. इथं दारूबंदी आहे बाई, पोलीस मनुकांसकट नेतील.

ते दोन महिने मी फार आनंदात होते. रोजनिशीत पानंच्या पानं नुसती जेवणाची आहेत. आता ती उघडवत नाहीत.

तिसऱ्या पत्रात तू विचारलंस, ‘कलालू केलंस का? कसं झालं?’ मी उत्तर दिलं नाही ते त्या एका प्रश्नामुळे.

केलं होतं. वीस नोव्हेंबरला, रविवारी. सकाळी बाजारातून खेकडे आणले. अळू, भेंडी, लाल भोपळा, नारळाचं दूध. तुझ्या त्या थाइमऐवजी गॅलरीतल्या कुंडीतली ओव्याची पानं. संध्याकाळी शिजत ठेवलं. त्याच संध्याकाळी चौपाटीच्या सभेत गोंधळ झाला. हे घरी आले ते खांद्यावर सदरा फाटलेला, पण तोंडावर नुसता उत्साह. म्हणाले, “उद्या हरताळ. फ्लोरा फाउंटनपर्यंत मोर्चा. आपल्या वाडीची तुकडी पुढे, आणि घोषणा मी देणार.”

ह्यांचा आवाज तुला आठवत असेल. कॉलेजच्या नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. वाडीत कोणत्याही सभेला ह्यांनाच पुढे उभं करतात. मी म्हणाले, “पुढेच कशाला? मधे राहिलं तर नाही चालणार?” हे हसले. “मधून घोषणा दिली तर ती मागच्यांना ऐकू येते गं, मोरारजींना नाही.”

मी स्वयंपाकघरात गेले. भांडं उकळत होतं. शेजारी वाटीत चिंच भिजत घातलेली होती.

सुनंदा, त्या पानाच्या समासात तू काय लिहिलं आहेस ते तुला आठवत असणार. ‘इथं आंबट घालत नाहीत, पण तू चिंच घालच हं. आपल्याकडचं अळू घशाला फार खाजतं.’ दोन रेघा मारल्या आहेत खाली. मला त्या रेघांचीही गरज नव्हती. अळवात आंबट पडतं हे आपल्याकडे परकरातल्या मुलीलाही कळतं.

मी चिंचेचं पाणी मोरीत ओतलं.

इतके दिवस मी स्वतःशी म्हणत होते की पाककृतीशी प्रामाणिक राहायचं होतं, त्यांच्याकडे घालत नाहीत म्हणून घातली नाही. रोजनिशीत तसंच लिहिलंही आहे. पण त्या रात्री मी ह्यांना वाढलं, मला वाढून घेतलं, आणि राधाला वरणभात दिला. ती रडली, “मला खेकडा हवा.” मी दिला नाही. प्रामाणिकपणाच होता तर तिला का दिलं नाही?

जेवणं होत आली तेव्हा खालचा दत्ताराम वर आला. तुला तो ठाऊक नाही. मालवणकडचा, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो, बायको कौसल्या, दोन मुली. उद्या किती वाजता निघायचं ते विचारायला आला होता. ताटाकडे बघून म्हणाला, “वयनी, ह्यां काय? अळवात कुर्ले? तुमी शिकलेले लोक कायय रांदतास!” हे म्हणाले, “वेस्ट इंडीजचं आहे, दत्ताराम. खाऊन तर बघ.” तो लगेच पाटावर टेकला. “वाढा तर वायच.”

भांड्यात एक वाटी उरलं होतं. मी झाकण न काढता म्हणाले, “संपलं हो भाऊ. पुढच्या वेळी नक्की.”

का, तर पाहुण्याचा घसा उगाच का खाजवायचा! खरंच, एवढाच विचार होता. घरी आलेल्या माणसाला त्रास नको.

सकाळी ह्यांचा घसा सुजून बंद झाला होता. माझाही. मिठाच्या गुळण्या केल्या, कोकम चोखलं. ह्यांच्या तोंडून नुसती हवा येत होती. मोर्चाला गेले, पण आवाजच नाही म्हणून तुकडीनं ह्यांना मागे ठेवलं. पुढे घोषणा द्यायला दत्ताराम.

गोळी त्याच्या उजव्या गुडघ्यात लागली.

मी बातमी ऐकली तेव्हा पहिलं काय मनात आलं ते लिहायचं टाळत होते. मला आनंद झाला. हे जिन्यात दिसले, धुळीनं भरलेले, दोन्ही पायांवर उभे, आणि मी देवाला हात जोडले. मग मागून कौसल्या विचारत आली, “भावजी, हे खंय?”

जखम चिघळली. डिसेंबरात मांडीपासून पाय काढला. अजून ताप येतो-जातो, डॉक्टर काही नक्की बोलत नाहीत. खिळे जुळवायचं काम दिवसभर उभ्यानं करायचं असतं. वाडीनं वर्गणी काढली आहे. मी रोज चार वाजता इस्पितळात डबा नेते. कौसल्या माझा हात धरून म्हणते, “वयनी, भावजींचो घसो बसलो ता बरा झाला. देवान राखल्यान त्येंका.” हे ती मनापासून म्हणते. मला तिच्या डोळ्यांकडे बघवत नाही. आणि दत्ताराम, तापात असला तरी, मला बघितलं की चेष्टा करतो, “काय वयनी, आज तरी कुर्ल्यांचा अळू हाडलास काय? माझी वाटी तुमच्याकडे बाकी आसा.” काल तो असं म्हणाला तेव्हा मी डबा उघडून वरणभात वाढला.

ह्यांना काही माहीत नाही. अळू बाधलं एवढंच ते समजतात. पण वाडीत कुजबुज आहे. तळमजल्यावरचे तात्या तर तोंडावर विचारतात, “काय चिंतामणराव, घसा कसा आहे? मोर्चा नसला की मोकळा असतो वाटतं!” हे हसून वर येतात आणि सकाळचंच वर्तमानपत्र पुन्हा उघडून बसतात. परवा म्हणाले, “दिल्लीचा निर्णय आता कुठल्याही दिवशी येईल. मुंबई तोडली तर रस्त्यावर उतरावं लागेल. ह्या वेळी पहिल्या रांगेत मी. दत्तारामची जागा माझी होती.” म्हणजे बघ, मी ह्यांना वाचवलं नाही, आणखी पुढे ढकललं.

आणि मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते ते आता लिहिते. गोळीची तर वाटतेच. पण मंगळवारी मी भाजीवालीपाशी उभी होते आणि अळवाची जुडी उचलली. ती म्हणाली, “बाई, ही नका घेऊ, ही लई खाजतात.” मी म्हणाले, “हीच दे.” पैसे दिले, दहा पावलं चालले, आणि मग मला मी काय करते आहे ते कळलं. जुडी कचऱ्याच्या पेटीत टाकली. हात साबणानं धुतला तरी दिवसभर खाजत होता.

दहा पावलांनी कळलं. पुढच्या वेळी कळेलच असं नाही. हे मी वाढलेलं काहीही न बघता खातात. वर्तमानपत्र वाचत खातात. बावीस वर्षं. दुसऱ्या दिवशी रांगेत ह्यांच्या जागी कोण असेल? वाडीतला तो पोरगा, गंगाधर? त्याला तर अजून मिसरूड नीट फुटलेली नाही.

तेव्हा मला एकच उपाय दिसतो. सांगायचं. मग हे माझ्या हातचं खाताना एकदा ताटाकडे बघतील, कदाचित कायमचे बघत राहतील. कौसल्या दार लावून घेईल. दत्ताराम काय म्हणेल ते मला ठाऊक नाही, आणि रोज दुपारी मी त्याचीच वेगवेगळी उत्तरं मनात ऐकते. एकाही उत्तरात तो हसत नाही. पण ह्यांनी ताटाकडे बघितलेलं बरं. माझ्यावर नजर ठेवणारं कोणीतरी हवं.

तुला आधी लिहिलं, कारण चिंचेची सूचना तुझी होती. तुझ्याशी खोटं बोलून भागलं नसतं. सल्ला पाठवू नकोस. बोटीनं येईतो इथं काय झालेलं असेल कोण जाणे. भाऊजींना हे पत्र वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

जिन्यात पावलं वाजली म्हणून थांबले होते. खालच्या मजल्यावर गेली.

हे वाचूनही तू म्हणू देशील तर,
तुझीच
सुमती

ता. क. रोजनिशीत आज एवढंच लिहिलं आहे. उद्या: ह्यांना कचेरीतून लवकर बोलावून चार वाजता बरोबर इस्पितळात नेणे, आणि दत्तारामच्या खाटेपाशी दोघांच्या देखत सांगणे.