नळीवरचा तिसरा आकडा

जुईनगर, मंगळवार, दिवेलागणी

आज आलं: ह्यांच्या बंदुकीला नवा लाकडी दस्ता, मजुरीसकट बावीसशे. सोबत कारागिराची पावती. तिच्यावर त्यानं लिहिलंय, "नळीवरचा नंबर पुसट, तिसरा आकडा नीट वाचता येत नाही."

चष्मा लावून पाहिलं. लायसनात आठ आहे, नळीवर तीन दिसतोय. महिनाअखेर नूतनीकरणासाठी बंदूक पोलीस ठाण्यात दाखवायची आहे. नंबर जुळला नाही तर लायसन अडकणार, आणि लायसनाशिवाय ह्यांची बँकेतली गार्डची नोकरी कशी राहणार?

तो आठ झिजवला कोणी? मीच. दर दसऱ्याला राखेनं खसाखसा घासते आणि मग कुंकू लावते.

हे म्हणाले, "तुझी पूजा मला आत घालणार. एक ठोका मारून आठ करून घेतो, कोण बघतंय?"

"कारागीर काय म्हणाला?"

"परवानगीशिवाय नंबराला हात लावला तर गुन्हा. घाबरट आहे तो."

"मग मीही घाबरट. रीतसर अर्ज करा. नंबर कोणी घासला तेही लिहा, खाली मी सही करते."

चहा तसाच ठेवला ह्यांनी. अर्ज मात्र लिहायला बसलेत. पोलीस मानतील का? त्या एका आठाला लेखी पुरावा हवा.

बंदूक मूळची मामंजींची. खरेदीची पावती गावी थोरल्या भाऊजींकडे असेल. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहिलं: "भाऊजी, मामंजींच्या ट्रंकेत बंदुकीची पावती शोधा. तिच्यावरच्या नंबरातला तिसरा आकडा आठच आहे ना? नसला तरी जो असेल तोच उलट टपाली कळवा."