दादाचा डबा आणि आईचे कान

१० जून

ति. दादास,
शि. सा. न.

फोनवर बोलले तर आई ऐकते, म्हणून पत्र. माझ्या स्वरयंत्रावरची गाठ काढायची ठरलीय. आवाज पूर्वीसारखा येईलच असं डॉक्टर सांगत नाहीत. आईला यातलं काही माहीत नाही. डोळे गेल्यापासून ती रोज संध्याकाळी माझ्याकडून कादंबरी वाचून घेते. समोर बसून मी आवाज चढवून वेळ मारून नेते, पण राहिलेली पानं ऑपरेशनच्या आधीच रेकॉर्ड करून ठेवावीत असं माझ्या मनात आहे. आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात तोंड घालून वाचते. हे म्हणतात, कपाटाशी कसलं भांडण काढलंयस. हळू वाचलं की मागे सूं असा आवाज येतो. तू जन्मभर स्टुडिओत कान झिजवलेस, तेव्हा तूच सांग. प्रीअँप घेऊ, की कॉम्प्युटरवरचं प्लगिन पुरे?

माया आहेच, तशीच राहू दे.
तुझी धाकटी

१६ जून

चि. बडबडीस,
पोटभर आशीर्वाद.

घाबरू नकोस असं लिहिणार होतो, पण घाबरलोय मीच. म्हणून कामाचंच लिहितो. माइकमधून निघणारा आवाज फार क्षीण असतो. तो वाढवायचं काम प्रीअँपचं. माइक जोडायच्या तुझ्या पेटीत एक असतोच, पण हळू वाचलंस की तो पार वर चढवावा लागतो आणि त्याची सूंसूं वाढते. प्लगिन ती नंतर पुसतं, पण जास्त पुसलं तर श्वासही पुसून टाकतं. खणखणीत आवाजाला फारसा फरक पडत नाही. आमच्या धंद्यातले लोक यावरून उगाच हमरीतुमरीवर येतात. तुला मात्र फरक पडेल. माझा जुना प्रीअँपचा डबा पाठवतोय, तो हळू आवाजही सूंसूं न करता उचलतो. दोन्ही करून बघ आणि निवाडा आईवर सोड. इतके तिखट कान आपल्या घरात दुसऱ्या कुणाला नाहीत.

तिच्यापासून लपवणं मला पटत नाही. पुढे तुझी मर्जी.

जिवाला जप, लोभ करत जा.
दादा

२९ जून

ति. दादास,
सा. न.

एकच पान दोन्ही तऱ्हांनी रेकॉर्ड केलं आणि आईला हेडफोन लावला. प्लगिनचं ऐकून म्हणाली, तोंडावर रुमाल धरून का वाचलंस. मग तुझ्या डब्यातलं लावलं. तिनं हेडफोन काढून ठेवला. मग हातानं चाचपत माझा गळा शोधला आणि विचारलं, कधीपासून दुखतोय.

सांगावं लागलं. चिडली. म्हणाली, डोळे माझे गेलेत, अक्कल नाही. रात्री जेवली नाही, पण सकाळी स्वतःच म्हणाली की दवाखान्यात मीही येणार. पुढची पानं डब्यातूनच चालू आहेत. ती शेजारी बसते आणि मी दमले की थांबवते.

आठवण असू दे.
धाकटी

६ ऑगस्ट

ति. दादास,
सा. न.

गाठ काढली, साधी निघाली. बोलायची परवानगी मिळालीय, पण आवाज फाटका येतो आणि लांब पोचत नाही. आई इतके दिवस रेकॉर्ड केलेलंच ऐकत होती. काल मध्येच बंद करायला लावलं. म्हणाली, वाचलंयस झकास, पण ही बाई अधूनमधून थांबून चहा घेतेस का विचारत नाही.

मग मी पुस्तक उघडलं. अर्ध्या पानात आवाज बसत चालला. मला वाटलं, आता ती पुरे म्हणेल. तिनं खुर्ची सरकवत सरकवत माझ्या गुडघ्याला आणून भिडवली, कान पुढे केला आणि म्हणाली, हं, वाच पुढे.

तुझ्या मायेत राहू दे.
धाकटी