बाहेर आणलेला चहा

दोंडाईचा, मंगळवार, संध्याकाळ

आज धुळ्याला स्टँडसमोरच्या हॉटेलात आमचे हे चहाला बसले. पुरुषांत मी कशी बसणार? बाहेरच्या झाडाखालूनच मी ओरडले, "मला कोण पाजणार?" तेव्हा कुठे हे स्वतः कपबशी घेऊन बाहेर आले. लग्नाला वीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा.

तेवढ्यात हॉटेलामागे काहीतरी फुटलं. काय, ते पोलिसांनाही कळेना. भिंत यांच्याच बाकावर पडली. बाक रिकामा होता म्हणून बरं. नाहीतर? तो बाक डोळ्यांपुढून जात नाही. आणि यांना काळजी माझ्या सांडलेल्या चहाची, म्हणतात, "तुना चहा सांडना ना!" मी यांची अक्कल काढली.

मग एस.टी.त यांचा हात धरून बसले.

"लोक देखी राह्यनात."

"देखू द्या."

दोंडाईचा येईपर्यंत सोडला नाही.