खापर पोचलं, अक्का

पिंप्राळा, जळगाव
१९ जानेवारी २०२५, रविवार

ती. अक्का,

सारिकाचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून आधी लिहून टाकलं. दाजींचा गुडघा कसा आहे? मयुरीच्या साड्या घेऊन झाल्या का? इकडे थंडी बरी आहे, वांगी स्वस्त आहेत आणि आमच्या घरी आठवड्यातून तीनदा भरीत होतं. का होतं, ते पुढे येईलच.

पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'अगं' म्हणेपर्यंत तुझं रागावून, रडून आणि फोन ठेवून झालेलं असतं. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

तर, मांडे भाजायला तू धाडलेलं नवं मातीचं खापर मंगळवारी पोचलं. तुमचे शेजारी हिलालभाऊ गवतात गुंडाळून, पोत्यात बांधून घेऊन आले. मांडीवरून खाली म्हणून ठेवलं नाही त्यांनी. चहा पिऊन झाल्यावर तुझा निरोप सांगितला, "अक्कानी सांगेल शे, खापर धाडेल शे, आते कारण सांगू नको."

मी दारात हसले. ते गेल्यावर मात्र पलंगावर जाऊन बसले, कारण ज्या पलंगावर बसून हिलालभाऊंनी चहा प्यायला, त्याच्याच खाली गोणपाटात आपल्या आईचं खापर आहे. धडधाकट. टवकासुद्धा उडालेला नाही.

आईचं खापर फुटलेलं नाही, अक्का. मी खोटं बोलले.

मार्गशीर्षात तुझा फोन आला, मयुरीच्या लग्नात व्याह्यांच्या पंगतीला मांडे तूच करायचेस म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं, कशावर करू, खापर तर फुटलं.  तू म्हणालीस, "मायनं खापर व्हतं वं ते." आणि रडलीस. मी इकडे फोन धरून त्या अख्ख्या खापराकडे बघत होते. तेव्हापासून तुमच्या शिंदखेड्याचं कोणी येणार असलं की ते आणखी आत सरकवते.

आता कारण. गेल्या उन्हाळ्यात आखाजीच्या सणाला तुझ्याकडून परत येताना गाडीत, अमळनेर सोडलं आणि छातीत धडधडायला लागलं. हातांना मुंग्या, श्वास पुरेना, घशाशी काहीतरी अडकलं. मला खात्री झाली की मी आता जाते. जळगाव येईपर्यंत ते उतरलंही, पण मी तशीच दवाखान्यात. महिन्याभरात तीनदा ईसीजी काढला. तिसऱ्या वेळी कंपाउंडर नाव न विचारताच म्हणाला, "या मावशी, झोपा." रिपोर्ट इतका स्वच्छ की आमचे प्रेमराज म्हणाले, फ्रेम करून लावू का.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय ठणठणीत आहे. हा पॅनिक अटॅक. भीती एकदम अंगावर येते, चढते आणि दहा-पंधरा मिनिटांत उतरते. त्याने माणूस मरत नाही. मला ते पटलं, दवाखान्याच्या पायरीपर्यंत.

खरा त्रास त्या पंधरा मिनिटांचा नाही गं. तो कधी येईल याची वाट बघण्याचा आहे. दूध तापवताना एक हात नाडीवर. पर्समध्ये पाकीट नसलं तरी चालेल, बीपीचं मशीन पाहिजे. कुणाच्या हळदीकुंकवाला गेले तर दाराजवळची जागा. मग बस सोडली, बाजार सोडला.

आणि भाद्रपदात तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मला ताप आहे असं मी कळवलं. ताप नव्हता. मी आले होते, अक्का. शिंदखेड्याला उतरले होते. स्टेशनात नळाजवळच्या बाकावर बसले, पिशवीत तुझ्यासाठी शेव होती. तिथून तुझं घर दहा मिनिटांवर. मनात आलं, डोळ्याला पट्टी बांधलेल्या अक्कासमोर मला तसं झालं तर तिने काय करायचं? बसून राहिले आणि दुपारच्या गाडीने परत फिरले. नरडाण्याला अटॅक आला तो आलाच. शेव मी रडत रडत एकटीने संपवली. हे प्रेमराजनाही माहीत नाही. तेव्हापासून तुझा आवाज बदलला, तो मला कळतो.

आता चांगलं सांगते. दिवाळीपासून एका समुपदेशक बाईंकडे जाते. त्या शाळेसारखा गृहपाठ देतात. आधी रिक्षाने स्टँडपर्यंत, मग बसने इथल्या जवळच्या असोद्याला जाऊन परत. काम काही नाही, नुसतं जायचं. सहा वेळा झाल्यावर कंडक्टरने विचारलं, "मावशी, पोरगी दिली का असोद्याला?" तिसऱ्या फेरीत बसमध्ये आलंच ते. दांडा धरला, श्वास हळूहळू सोडत राहिले, उतरले नाही. असोद्याला उतरून वांगी घेतली. दर फेरीला घेते, रिकाम्या हाताने काय यायचं. म्हणून आमच्याकडे सारखं भरीत.

पण खरी गंमत बुधवारी झाली. प्रेमराजनी गच्चीवर तीन विटांची चूल मांडली, म्हणाले, पोरीच्या मावशीने निदान हात तरी चालवून बघावा. नवं खापर, पहिला मांडा चिकटला. दुसरा फाटला. तिसरा चांगला जमत होता, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत आला होता, आणि तेव्हाच ते आलं. कानात ठोके, मुंग्या, सगळं. एरवी मी नाडी बघते, मशीन लावते, प्रेमराजना हाक मारते. पण हात रिकामा कुठे होता? मांडा खाली ठेवला तर गोळा होणार, शिवाय पुरण इतकं छान झालेलं. मी मनात म्हटलं, मरायचं तर हा खापरावर टाकून मरू. आणि फिरवत राहिले. मांडा एवढा मोठा झाला की खापराच्या बाहेर लोंबायला लागला. प्रेमराज म्हणाले, "मांडा करतेस का पलंगपोस?" मला हसू आलं. हसता हसता लक्षात आलं, ते गेलंय. कधी गेलं कळलंच नाही. नंतर सात मांडे केले, एकही फाटला नाही.

पुन्हा येणार नाही असं नाही. येईल. बाईही तेच म्हणतात. पण ते आलं म्हणून मला चुलीवरून उठावं लागत नाही, एवढं मला कळलंय.

म्हणून मयुरीच्या मांड्यांना मी येते. कणीक मीच तिंबणार, तुझी घट्ट होते. आणि मध्येच माझा चेहरा पांढरा पडला, तर नाकाला कांदा लावायचा नाही, दृष्ट काढायची नाही, बाया गोळा करायच्या नाहीत. तू पुढचा गोळा माझ्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचं, "कर वं."

१४ फेब्रुवारीला निघते. नवं खापर प्रेमराज धरतील, आईचं माझ्या मांडीवर असेल. तू स्टेशनात त्या नळाजवळच्या बाकापाशी उभी राहा. तिथून घरापर्यंतची दहा मिनिटं मला तुझ्याबरोबर चालायची आहेत. वाटेत काय बोलायचं ते बोलून घे, सगळं. माझे हात खापराला गुंतलेले असतील, कान झाकता येणार नाहीत.

दाजींना नमस्कार, मयुरीला पापा.

जिच्याजवळ आता एकही कारण उरलेलं नाही, ती
तुझी सारिका