टोपलीतलं माझं कार्ड

हेजिनचे बाबा,

मी चर्चमध्ये जातेय, माझं कार्ड परत आणायला.

आज बाजारात चर्चमधल्या सेसिलियाबाई भेटल्या. म्हणाल्या, "यंदा तुमच्या घरातली दोन्ही कार्डं आली हो, अभिनंदन!" ऐकून मी मुळ्याच्या ढिगापाशी खांबासारखी उभी. नाताळाआधी ज्याने त्याने पापनिवेदन करायचं आणि मगच आपल्या नावाचं कार्ड टोपलीत टाकायचं, हे दर रविवारी माईकवरून तुम्हीच सांगता ना? मी तर फादरांकडे गेलेलीच नाही. चर्च समितीच्या अध्यक्षांची बायको राहिली असं कुणी म्हणेल, एवढ्यासाठी परस्पर टाकलंत! लाज कशी वाटली नाही?

मी का जात नाही, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. चर्चबाहेर लग्न केलं म्हणून आपल्या हेजिनला दार बंद केलंत, त्याला दोन वर्षं झाली. तुमच्यावरचा तो राग पोटात ठेवून क्षमा मागायला गुडघे टेकायचे, एवढी निगरगट्ट मी नाही.

भात कुकरमध्ये आहे. सकाळपासून घरभर वाढदिवसाला करतात त्या समुद्रशेवाळाच्या सुपाचा वास सुटला होता, तरी आज तो कुणाचा, हे तुम्ही विचारलं नाहीत. पातेलं शोधू नका. कार्ड हातात आलं की मी तशीच सूप घेऊन लेकीकडे, देगूची गाडी पकडणार आहे.

तुमचं कार्डही टोपलीत आहे म्हणे. फादरांना सगळं सांगितलंत, की लेकीला तिथूनही वगळलंत?

हेजिनची आई