मी मॅनेज करतो

३ जून, सकाळ
ही कन्येच्या बाळंतपणाला गेली. निघताना पुन्हा पुन्हा विचारत होती, जमेल ना? म्हटलं, मी मॅनेज करतो. जन्मभर असिस्टंट मॅनेजर होतो. घर म्हणजे काय, तीन खोल्या आणि एक मी.
संकल्प: व्यायाम, स्वतः स्वयंपाक, रोज एक इंग्रजी क्रियापद. आजचं: मॅनेज. सांभाळणे, चालवणे, ताब्यात ठेवणे.

४ जून
दूध उतू गेलं. शेगडीत दोष आहे.

६ जून
भात झाला. खाली करपला, वर कच्चा. एकाच पातेल्यात दोन्ही साधणं सोपं नाही. शेजारी इंग्रजीच्या बाई राहतात. जिन्यात त्यांना ऐटीत सांगितलं, ‘आय मॅनेज्ड टु कुक राइस.’ म्हणाल्या, वाक्य अगदी बरोबर. मॅनेज्ड टु म्हणजे धडपडून एकदाचं जमवलं.
बाईंचं इंग्रजी कच्चं असावं.

१० जून
नातू झाला! व्हिडिओ कॉल. नाक माझ्यावर गेलंय असं सांगितलं. बाळ रडत होतं, कुणाला ऐकू गेलं नाही.
व्यायाम उद्यापासून. दुसरं क्रियापद घेतलेलं नाही. पहिलं पक्कं होऊ दे.

१९ जून
टीव्ही दिवसभर चालू ठेवतो. जगाशी संपर्क हवा. बातम्या देणारी नमस्कार म्हणाली, मीही म्हटलं. शिष्टाचार आहे.
हिचा फोन येतो, पण बाळ उठतं. सगळं छान चाललंय असं पटकन सांगून टाकतो. जेवण? पोळीभाजी. (ब्रेड.)

२ जुलै
बाईंकडे विरजण मागायला गेलो. तासभर बसलो. विरजण तिथेच राहिलं.

८ जुलै, दुपार
हिचा फोन. या वेळी बाळ झोपलेलं. कन्या म्हणते, घर मोठं आहे, आई, वर्षभर राहा. काय करू, असं हिनं मला विचारलं.
बोलायचं वेगळंच होतं. तोंडातून निघालं, “राहा की. मी मॅनेज करतो.”
ती म्हणाली, “मला वाटलं होतं, तुम्ही ये म्हणाल.”
मी म्हणालो, “हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये.” आणि फोन ठेवला.
आवाज स्वच्छ येत होता.