सगळ्यात वाईट खोली

१२ जानेवारी

म्हणे फोटो बघून ठरवा! मी हसले. तो हसला नाही, तेव्हा कळलं की ही गंमत नव्हती.

मोठ्या साहेबांनी कंपनी पुतण्याच्या हाती दिल्यापासून रोज नवं शहाणपण. आजचं असं — आडवाटेच्या सहलींसाठी डोंगरात, जंगलात जी लॉजं आपण निवडतो, तिथे जाऊन राहायची गरजच नाही. 'मावशी, आता ड्रोनचे व्हिडिओ येतात. खुर्चीत बसून सगळं दिसतं.' उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे! आणि मावशी कुणाची? ऑफिसात एखादीला मावशी म्हणायला लागले की समजावं, तिला घरी बसवायची तयारी सुरू झाली.

मी म्हटलं, आपल्या पुस्तिकेत प्रत्येक लॉजच्या फोटोखाली एक ओळ असते. 'आमच्या निवडकर्तीने इथे रात्र काढली आहे.' ती निवडकर्ती मी. लोक भुलतात फोटोला, पण पैसे भरतात त्या ओळीवर. ती खरी ठेवायची तर माझी पाठ तिथल्या गादीला लागायला हवी.

'बरं, जाऊन या,' म्हणाला. कपाळाला आठ्या. जाणारच होते!

१५ जानेवारी

गुडघा कुरकुरतोय. कुरकुरू दे.

१९ जानेवारी

जावांचं लॉज. गाडी जिथे थांबते तिथून पुढे चढण, आपल्या पायांनी. मधे दोनदा बसले, पण बघायला कुणी नव्हतं.

दोघी जावा मिळून चालवतात. एक स्वयंपाकघर बघते, दुसरी खोल्या. एकमेकींशी बोलत नाहीत! कशावरून बिनसलं ते त्यांनाही धड आठवत नाही. निरोप पाहुण्यांमार्फत. 'तिला सांगा, पाणी तापलंय.' 'तिला सांगा, कळलंय मला.' मी दिवसभर इकडून तिकडे पोस्टमन. दोन्हीकडून चहा मिळाला, तक्रार नाही.

नेहमीप्रमाणे म्हटलं, तुमची सगळ्यात वाईट खोली द्या. माझी रीतच आहे ती. चांगली खोली कुणीही चांगली ठेवतो. मालक आल्यागेल्याला काय समजतो ते कळतं वाईट खोलीत. धाकटी लाजली, पण दिली. खेचरांच्या गोठ्याला लागून, वास थेट नाकात, आणि दाराशीच एक ठेंगणी तुळई. मी मनाची तयारी करून आत शिरले तर डोकं मऊ आपटलं! बरोबर टाळक्याच्या जागी तुळईला जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळून शिवून टाकलेला. उशाशी टॉर्च, पाण्याचा भरलेला तांब्या, दोन जाड पांघरुणं. कुणीतरी त्या खोलीत स्वतः राहून बघितलंय. ठिकाण पसंत, तिथल्या तिथे.

रात्र काढून निघताना थोरलीला सांगितलं. ती म्हणाली, 'तिलाही सांगा.' चेहरा फुलला होता दोघींचा, आपापल्या दारात.

२४ जानेवारी

जावांना काट! का? तर फोटो अंधारे येतात आणि वायफाय नाही.

त्यांच्या जागी एक नवं रिसॉर्ट. दोन कड्यांच्या मधल्या सपाटीवर काचेची घरं, पलंगावर पडल्यापडल्या तारे दिसतात. या हंगामाच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ तेच, असं पुतण्याने माझ्याआधीच ठरवून टाकलंय. 'तुम्ही झोपून या की मावशी, हौस आहे तुम्हाला.'

हौस! इतकी वर्षं ढेकणांची हौस होती मला, मुंग्यांची हौस होती. येते जाऊन. माझ्या तोंडून 'छान' निघेपर्यंत काही छान नाही, हे त्याला अजून समजायचंय.

२ फेब्रुवारी

आज पोट दुखेपर्यंत हसले.

काचेच्या घरांचा मॅनेजर दारातच उभा, इस्त्री इतकी कडक की बसताना मोडेल असं वाटावं. मी म्हटलं, तुमची सगळ्यात वाईट खोली द्या. तो आनंदाने म्हणाला, 'तयार आहे, मॅडम!'

तयार आहे? वाईट खोली कधी तयार असते?

आत गेले. नळ गळतोय, पण नळ कोरा करकरीत, वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. मागच्या भिंतीवर ओलीचा डाग. बोट लावलं, हुंगलं — चहा! दाराची बिजागरी करकरते, पण जाताना नाही, फक्त येताना. पलंगावर चॉकलेट आणि गैरसोयीबद्दल दिलगिरीचं छापील कार्ड. ऑफिसातून कुणीतरी माझी खोड कळवली होती. यांनी एक चांगली खोली मेहनतीने बिघडवून ठेवली, माझ्यासाठी!

खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. इतका मान आजवर कुणी दिला नव्हता. तिथेच पडलेय आता. तारे दिसतायत, छान दिसतायत. ते नाकारत नाही.

३ फेब्रुवारी

सकाळी मॅनेजर उठायच्या आत खरी वाईट खोली शोधायला निघाले.

खोल्या सगळ्या चांगल्याच. पायाखाली मात्र काहीतरी खटकत होतं. माती नाहीच कुठे. सगळे गोटे, गोल, गुळगुळीत. डोंगरावरून पडलेला दगड असा नसतो, त्याला धार असते. असा गुळगुळीत फक्त पाणी करतं. मग मान वर केली. झाडांच्या फांद्यांत काटक्या, वाळकं गवत, फाटकं पोतं, सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं अडकलेलं. माझ्या डोक्याच्या वर!

मॅनेजरला धरून आणला, दाखवलं.

'पक्ष्यांची घरटी आहेत, मॅडम.'

'कुठला पक्षी घरट्यात चप्पल ठेवतो?'

एक निळी रबरी चप्पल होती त्यात.

ही सपाटी नाही, ओढ्याचं पात्र आहे. आत्ता कोरडं, म्हणून सुंदर. वर लांब डोंगरात पाऊस कोसळला की इथे आभाळ निरभ्र असतानाही लोंढा येणार आणि दोन्हीकडे कडे, पळायला वाट नाही. सगळ्यात पुढचं घर वळणाच्या ऐन तोंडाशी. गोल पलंगाचं, सगळ्यात महाग, 'जोडप्यांसाठी खास'. तीच यांची सगळ्यात वाईट खोली. चहा ओतायची गरजच नव्हती.

'पण आमच्याकडे सगळ्या परवानग्या आहेत,' मॅनेजर म्हणाला.

'पाण्याला दाखवा त्या,' म्हटलं, आणि बॅग उचलली. गाडीत बसल्यावर आदली रात्र आठवली. त्या काचेत मी रात्रभर पाय ताणून घोरत पडले होते.

७ फेब्रुवारी

संपलं. सविस्तर लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

पुतण्यासमोर सगळं मांडलं. गोटे, फांद्या, चप्पल. फोटो दाखवले, त्याला फोटोच आवडतात म्हणून. तो म्हणाला, 'पाणी कधी आलं होतं?' मला कसं माहीत! 'म्हणजे गेल्या वर्षी आलं नसेलही.' नसेल. 'पुढच्या वर्षी येणारही नाही कदाचित.' कदाचित. कदाचितवर लोकांना झोपवायचं का रे?

मग त्याने पेन खाली ठेवलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, 'मावशी, तुम्ही तिथे रात्र काढलीत की नाही?'

'काढली.'

'मग ओळ खरी आहे. छापतो आपण.'

माझीच ओळ, माझाच नियम, आणि मलाच चितपट! झोपले होते ना मी. खोटं कुठे होतं त्यात?

ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्या ऑफिसात ओरडले. ती ओळ माझी आहे, काढ ती! तो म्हणाला, 'ओळ कंपनीची आहे.' मग कंपनीलाच झोपव तिथे, म्हटलं. उभ्याउभ्या राजीनामा लिहिला, त्याच्याच पेनाने. पुढच्या दाराने बाहेर पडले, सगळे बघत असताना. मान ताठ. जिन्यावर गुडघ्याने दगा दिला, पण तोवर दार बंद झालं होतं.

८ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, 'गुडघ्याला विचारलंस का?' विचारलं, त्याची संमती आहे. मग पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, 'बरं केलंस.' एवढंच. एवढं पुरलं मला.

लेकीला मात्र एक अक्षर कळता कामा नये. ह्यांना शपथ घातलीये. दूर राहते म्हणून काय झालं, फोनवरून माझा गुडघा सांभाळते ती. कळलं की म्हणेल, सुटलीस एकदाची, आता घरी बस! तो आनंद तिला द्यायचा नाही. दुसरं काम मिळालं की सांगेन, तेही सहज, बोलता बोलता.

१७ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांना फोन केला. 'तरुणांना करू द्या आता,' म्हणाले. मागे टीव्ही चालू होता. हात टेकले.

२० फेब्रुवारी

ठीक आहे. मी सांगायचं ते सांगितलं, सोडायचं ते सोडलं. माझे हात स्वच्छ आहेत. त्यांनी काय छापायचं ते छापावं, मी त्यात नाही. रात्री गाढ झोप लागते. अशी कितीक वर्षांत लागली नव्हती, तीही स्वतःच्या गादीवर!

१ मार्च

ऑफिसातल्या टेलिफोनवालीचा फोन. पुस्तिका आली, मुखपृष्ठावर काचेची घरं, बुकिंग धो धो. 'पाठवू का तुम्हाला एक?' नको म्हटलं. माझा काय संबंध!

लेकीचा रात्री फोन आला. ऑफिस कसं चाललंय विचारलं. मजेत, म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

९ मार्च

लग्नाच्या वाढदिवसाला लेक आणि जावई चाललेत. काचेच्या घरांत. वळणावरचं, गोल पलंगाचं. 'तू राहून आलीस ना आई, म्हणून डोळे झाकून घेतलं!'

एका दमात सगळं सांगितलं. नळ, गोटे, चप्पल, राजीनामा, सगळं. घरी बस म्हणाली नाही. रद्द करते म्हणाली. मग विचारलं, 'आम्ही सोडली की ती खोली दुसऱ्या कुणाला देतील ना गं?'

बुकिंग केलेल्या एकेकाला सावध करायला हवं, आणि त्यांचे फोन नंबर त्या ऑफिसातल्या टेबलाशी बसल्याशिवाय मिळायचे नाहीत. उद्या सकाळी जाते. राजीनामा परत मागणार आहे.